पुरानंतरची खोप

शिरोळ, जि. कोल्हापूर

चि. ताईस,


तुझं पत्र आणि सोबतचा नकाशा मिळाला. मोडतोडीतून निघालेल्या सामानातून एका कुटुंबापुरतं लहानसं घर उभारायचं, ते वर्ष-दोन वर्षं टिकावं आणि नंतर सुटं करून दुसरीकडं नेता यावं, हे काम कॉलेजनं तुम्हा मुलांना दिलं याचा मला फार आनंद झाला. माझी सगळी नोकरी आयटीआयत सुतारकाम शिकवण्यात गेली. जुन्या लाकडाला नव्यानं कामाला लावणं हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, हे तुला ठाऊक आहे, म्हणूनच तू मला विचारलंस.

तुझा नकाशा मी दोनदा बघितला. सामानाची यादी चांगली केली आहेस: जुने पत्रे, वासे, पॅलेटच्या फळ्या, फ्लेक्स, बांबू. मापं बरोबर आहेत. पण त्या घरात कोण राहणार, हे मला कुठंच सापडलं नाही. किती माणसं, त्यांत बायका किती, मुलं किती, सकाळी किती वाजता उठणार, अंघोळ कुठं करणार? कुटुंब ठरल्याशिवाय सामानाला हात लावायचा नाही, असं माझं मत आहे. का, ते सविस्तर लिहितो.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला आपल्या तालुक्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीडकडच्या, नगर-जालन्याकडच्या. कारखान्याच्या तळावर नाहीतर गावाबाहेरच्या एखाद्या मोकळ्या रानात ट्रॅक्टर थांबतो आणि ट्रॉलीतून अख्खा संसार खाली येतो: पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, हंडे, गोधड्या, कोंबड्या, शेळ्या, पोरं. दिवस मावळायच्या आत तिथं कोप्या उभ्या राहिलेल्या असतात. तात्पुरतं घर बांधायची याहून मोठी शाळा मला माहीत नाही. महाराष्ट्रात लाखो माणसं दरवर्षी हे घर बांधतात, पाच-सहा महिने त्यात राहतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की उकलून ठेवतात.

बांधकाम बघण्यासारखं असतं. बांबू आणि चटया बहुतेक वेळा कारखान्याकडून किंवा मुकादमाकडून मिळतात, बाकीचं ज्याचं त्यानं जमवायचं. गडी पहारेनं समोरासमोर दोन ओळींत खड्डे घेतो, त्यांत बांबू रोवतो आणि शेंडे वाकवून एकमेकांना बांधतो. कमानी झाल्या की त्यांवरून आडव्या कामट्या जातात. प्रत्येक जोड सुतळीनं नाहीतर जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी बांधलेला. खिळा कुठंच नाही, म्हणून सोडवताना बांबू फाटत नाही आणि पुढच्या तळावर तोच पुन्हा उभा राहतो. वर चटई, चटईवर ताडपत्री. ती नसली तर उसाचं पाचट, आणि अलीकडं फ्लेक्स. आपल्या जिल्ह्यात वाढदिवसाच्या आणि निवडणुकीच्या फ्लेक्सना तोटा नाही. त्याची पांढरी पाठ वर करून घालतात, म्हणजे ऊन थोडं परततं. कडेनं मातीचा बांध घालतात, त्यानं वारा शिरत नाही आणि अवकाळी पाऊस आला तर पाणी बाहेरच्या बाहेर जातं. तोवर बाईनं आतली जमीन चोपून शेणानं सारवलेली असते आणि दारात तीन दगडांची चूल पेटलेली असते.

एवढं वाचून तुला वाटेल की मग यातच सगळं शिकण्यासारखं आहे. बांधणीच्या बाबतीत आहेच. पण त्या कोपीत एकदा आत जाऊन बस. मधोमधसुद्धा मोठ्या माणसाला ताठ उभं राहता येत नाही, कडेला तर बसूनच वावरावं लागतं. दाराला कडी नाही, कारण दारच नाही, पडदा असतो. पाचटाच्या छपरापासून हातभरावर चूल, त्यामुळं आगीची धास्ती रोजची. दोघं नवरा-बायको, म्हणजे एक कोयता, पहाटे तीन-चारला उठून फडावर जातात, तेव्हा लहान मुलं एकतर त्या कोपीत मागं राहतात नाहीतर झोपेतच उचलून फडाच्या बांधावर नेली जातात.

आणि अंघोळ. चार काठ्या रोवून जुनं लुगडं गुंडाळलेलं असतं, वर आभाळ. बायका अंधार असतानाच उरकून घेतात, उजाडल्यावर तिथं जाता येत नाही. बाकी विधींसाठी उसाचं रान. आता याचा अर्थ लक्षात घे: ऊस उभा आहे तोवर आडोसा आहे. बायका जसजसा ऊस तोडत जातात, तसतसा त्यांचा स्वतःचा आडोसा त्यांच्याच हातानं कमी होत जातो. हंगाम संपायला येतो तेव्हा तळाभोवती लांबवर नुसती मोकळी रानं. मी शेतकऱ्याच्या घरातला माणूस आहे, तोडणी वेळेवर व्हावी म्हणून मीही टोळीची वाट बघतो. पण आपला ऊस ज्यांच्या हातांनी गाळपाला जातो त्यांच्या घराला न्हाणी नसावी, हे मला मुळीच पटत नाही. तात्पुरतं घर आहे, चालून जाईल, असं म्हणणारे सगळे लोक रात्री पक्क्या घरात झोपतात.

आता आपल्या घराची गोष्ट. २०१९ साली तू शाळेत होतीस, तुला थोडं आठवत असेल. त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. तिथं ३९ फुटांना इशारा असतो आणि ४३ फुटांना धोका. शिरोळात पाऊस तसा थोडा. गगनबावड्याला जे कोसळतं त्याच्या मानानं काहीच नाही. पण पंचगंगा आणि कृष्णा नरसोबाच्या वाडीला मिळतात, म्हणून वरचं सगळं पाणी आमच्याकडं येऊन तुंबतं. २००५ ला तेच झालं होतं आणि पुढं २०२१ ला पुन्हा तेच झालं.

जुन्या मातीच्या भिंतीचं एक आहे. पाणी असताना ती बऱ्याचदा उभी राहते आणि पाणी ओसरल्यावर बसते. पाण्यात असताना दोन्ही बाजूंनी दाब सारखा असतो. पाणी उतरलं की ओल्या मातीचं ओझं नुसतं पायावर येतं आणि पायाच तर मऊ झालेला असतो. आपल्या मागच्या दोन खणांच्या भिंती अशाच पूर उतरल्यावर, कडक ऊन पडलं तेव्हा बसल्या. लाकडी सांगाडा मात्र उभा होता. खांब, तुळया, वासे सगळं जागच्या जागी. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतरही हे कितीतरी माळवदांत दिसलं होतं: दगड-मातीच्या जाड भिंती कोसळल्या आणि सागवानी खण तसेच उभे राहिले. म्हणून पडलेल्या घराला ढिगारा म्हणून जेसीबी लावायची घाई करू नये. पंचनामा होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही, फोटो काढून ठेवायचे. आणि नंतर घर बांधलं त्याच्या उलट्या क्रमानं, कौलांपासून खाली, हातानं उतरवायचं. कौलं, रिपा, वासे, आढं, तुळई, खांब. चौकटी आणि दारं आधी काढून बाजूला.

ते लाकूड आम्ही मळ्यात, उंचवट्यावर नेलं आणि त्याचीच खोप उभी केली. यातलं जे तुझ्या कामाचं आहे तेवढं सांगतो.

पुरातलं लाकूड आधी धुवायचं. फटींत बसलेला गाळ सुकला की तो रंध्याच्या पात्याला धार ठेवत नाही. धुतल्यावर उन्हात टाकायचं नाही, ते तडकतं. सावलीत, जमिनीपासून वर, दोन थरांमध्ये आडव्या रिपा घालून रचायचं, म्हणजे सगळीकडून वारा लागतो. मग एकेक नग तपासायचा. हातोडीनं वाजवून बघ. सणसणीत आवाज आला तर लाकूड आतून शाबूत, भदभद आला तर वाळवीनं पोखरलेलं. जिथं खांब जमिनीला टेकलेला होता आणि जिथं वासा भिंतीत शिरलेला होता, त्या दोन्ही जागा टोचणीनं टोचून बघायच्या. कुजतं ते तिथूनच. कुजलेलं टोक कापून टाकायचं, उरलेलं वापरायचं. जुना मोळा लाकडात कधीही ठेवू नकोस. पहारेनं नाहीतर जंबुरानं काढायचा, निघत नसेल तर तेवढा तुकडा सोडून द्यायचा. आत राहिलेला एक मोळा करवतीचे दात घालवतो आणि कुणाचा तरी हातही.

आपल्याकडची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात नुसता खांब रोवला तर वर्षात कलतो. म्हणून आम्ही मुरूम टाकून ठोकला, पडलेल्या भिंतीच्या पायातले दगड काढून जोतं घातलं आणि प्रत्येक खांबाखाली जुन्या घराचाच तळखडा ठेवला. खांबांची बुडं डांबरात बुडवली. २००१ च्या भूकंपानंतर भुजमध्ये जपानचे वास्तुकार शिगेरू बान यांनी कागदाच्या नळ्यांची घरं उभारली, त्यांचा पायाही पडलेल्या इमारतींच्या राडारोड्याचा होता आणि वर मातीची जमीन होती. कॉलेजात त्या नळ्यांचे फोटो दाखवतात. तू पाया बघ.

पत्र्याचं सांगतो. जुना पत्रा घेताना तो आकाशाकडं धरून बघायचा, जिथून उजेड येतो तिथं खुणा करायच्या. भोकं डांबर आणि कापडानं बुजतात, पण काठ गंजून पापुद्रे सुटत असतील तर तो पत्रा छपराला घेऊ नये, आडोशाला वापरावा. खिळा नाहीतर जे-हूक नेहमी उंचवट्यावर मारायचा, खोलगट पन्हाळीत नाही. पाणी पन्हाळीतून वाहतं. हुकाखाली डांबराचा वायसर हवाच. आणि छप्पर नुसतं वरून दाबून भागत नाही. चैत्र-वैशाखात वळीव येतो तेव्हा वारा खालून शिरून पत्रा उचलतो. आम्ही वासे तुळईला आणि तुळई खांबाला तारेनं आवळून बांधली आहे. गावात छपरावर नुसते दगड ठेवायची रीत आहे, ती मला मान्य नाही. उडालेल्या पत्र्याबरोबर तो दगडही कुणाच्या तरी डोक्यावर येतो.

पत्र्याखाली उन्हाळ्यात बसवत नाही, हे तुला सांगायला नकोच. आतून बांबूच्या तट्ट्या बांधून, पत्रा आणि तट्टी यांच्यात वीतभर पोकळी सोडून दोन्ही टोकांना वाऱ्याला वाट दिली, आणि वरून चुना मारला. फरक चांगला पडला.

तुझ्या यादीतल्या दोन गोष्टींबद्दल सावध करतो. शिरोलीच्या एमआयडीसीतून पॅलेट आणणार असशील तर प्रत्येकावरचा शिक्का वाच. एचटी असेल तर ते लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं आहे, ते घे. एमबी असेल तर त्याला मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते घरात नको आणि चुलीत तर नकोच. दुसरं, सिमेंटचे जुने पत्रे. त्यांत ॲस्बेस्टॉस असतो. फुकट मिळतात म्हणून आणून तुमच्यापैकी कुणी करवतीनं कापायला बसलं तर त्याची बारीक धूळ छातीत जाऊन बसते आणि तिचा आजार वर्षानुवर्षांनी उमटतो. ते पत्रे तुम्ही घेऊच नका.

हे सगळं माझं, सुताराचं. आता तुझ्या आजीचं. मळ्यात आम्ही खुणा करायला दोरी लावली तेव्हा तिनं पहिली गोष्ट विचारली ती न्हाणीची. मी म्हणालो, आधी छप्पर होऊ दे. ती म्हणाली, "छप्पर नसलं तर मी झाडाखाली झोपंन. न्हाणी नसली तर मी जाऊ कुठं?" त्यावर मला बोलायला काही राहिलं नाही. पहिल्याच दिवशी न्हाणी बांधली आणि छपराला दुसऱ्या दिवशी हात घातला.

ती न्हाणी तुला उपयोगी पडेल म्हणून लिहितो. चार फूट बाय चार फूट. तळाला जुन्या माजघरातल्या शहाबादी फरश्या, एका कोपऱ्याकडं उतार देऊन. तीन बाजूंना छपराला नापास झालेले पत्रे, माणसाच्या उंचीपेक्षा वर. चौथ्या बाजूला देवघराच्या खोलीचं जुनं दार, कापून बेताचं केलेलं, आणि त्याला आतून कडी. कडी आतूनच हवी, बाहेरची नसली तरी चालेल. आत कपडे अडकवायला दोन खुंट्या आणि बादली ठेवायला दगड. पाणी बाहेर केळीला. संडासाचा खड्डा थोडा लांब, उतार विहिरीकडं जात नाही अशा बाजूला, पण त्यालाही तसंच दार, तशीच कडी. नवं विकत आणलं ते फक्त कड्या, बिजागऱ्या, मूठभर खिळे आणि संडासाचं भांडं.

दुसऱ्या हंगामात आपल्या रानात टोळी उतरली तेव्हा आजीनं त्यातल्या बायकांना ती न्हाणी वापरायला दिली. कोयते खाली ठेवून त्या दुपारीसुद्धा येऊन अंघोळ करून जायच्या. त्यांतली एक तर दाराला हात लावून कडी दोन-तीनदा उघडझाप करून बघत उभी राहिली होती. बाकी घराकडं, माझ्या एवढ्या घासून-पुसून बसवलेल्या तुळयांकडं, कुणी ढुंकूनही बघितलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

आणखी एक, तुझ्या नकाशात घराचं आयुष्य 'एक ते दोन वर्षं' असं लिहिलं आहे. तात्पुरत्या घराचं आयुष्य बांधणाऱ्याच्या हातात नसतं. आपल्याच वळिवड्याचं घे. दुसऱ्या महायुद्धात रशियानं देशोधडीला लावलेली पोलंडची माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे हिंदुस्थानात आली. कोल्हापूरजवळ वळिवड्याला त्यांच्यासाठी छावणी उभी राहिली. १९४३ ते १९४८ या काळात तिथं सुमारे ५,००० माणसं होती. चटईच्या भिंती आणि कौलारू छप्पर, अशा लांबच लांब ओळी. युद्ध संपेपर्यंतची सोय म्हणून बांधलेल्या त्या घरांपुढं बायकांनी फुलझाडं लावली, मुलांच्या शाळा भरल्या, प्रार्थनामंदिर झालं. पोल गेले आणि फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथं आले. त्या छावणीचं आज गांधीनगर झालं आहे. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्या पोल मंडळींच्या आठवणीचा स्तंभ आहे, तू लहानपणी त्याच्या कट्ट्यावर खेळली आहेस.

आपली मळ्यातली खोपही घर दुरुस्त होईपर्यंतच होती. २०२१ ला पाणी परत आलं आणि आम्ही परत तिथंच गेलो. गावातले आणखी दोन संसार त्या पावसाळ्यात तिथं होते. अजून ती उभी आहे.

म्हणून तू एखादं खरं कुटुंब धर. माझं ऐकशील तर कोयत्याचं धर: नवरा, बायको, दोन मुलं, कधी एखादी म्हातारी, दोन बैल असले तर बैल. त्यांना कोपीइतक्याच वेळात उभं करता येईल, ट्रॉलीत मावेल, खिळ्याशिवाय जोडता-सोडता येईल, असं घर काढ. मधे ताठ उभं राहता यावं. चूल छपरापासून लांब. मुलं एकटी असताना आतून लावता येईल असं दार. तुमच्या गटातल्या मुलांना कोपी गरिबीचं चित्र म्हणून दाखवू नकोस; बांधणीत ती माणसं तुमच्या पुढं आहेत, हे त्यांना आधी सांग. त्यांना कमी पडतं ते सामान, जागा आणि पाणी, आणि ते देणं ज्यांच्या हातात आहे त्यांच्यात आपण ऊसवालेही आलो.

दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस ये. टोळ्या उतरायचे तेच दिवस असतात. टेप आणि वही आण, कॅमेरा नाही आणलास तरी चालेल. गड्यांशी मी बोलेन, बायकांशी आजीबरोबर जाऊन तू बोल, त्या माझ्याशी हे बोलणार नाहीत. तोवर हा नकाशा बाजूला ठेव आणि नवा कागद घे. त्यावर सगळ्यांत आधी न्हाणी काढ, आतल्या कडीसकट, आणि मला पाठव. पुढचं लाकूड-पत्र्याचं आपण मिळून बघू.

तुझा,
आजोबा